रिकाम्या कांडीचा आवाज

म्युझियम म्हणल्याबरोबर तुमच्या डोळ्यासमोर काय आलं, सांगू? काचेच्या पेटीत गंजलेली तलवार, तिच्या खाली धूळ खाल्लेली पाटी, अन् कोपऱ्यात स्टुलावर पेंगणारा वॉचमन. त्यात मी म्हणलं की म्युझियम हातमागाचं आहे, तर तुम्ही रुमाल काढूनच बसाल. आता हा पोरगा वारसा, परंपरा, असलं कायतरी बोलणार अन् शेवटी आपल्याला रडवणार. ठेवा तो रुमाल खिशात. मी तिथं गेल्तो दादासाठी पोरगी बघायला. रडायची पाळी आली, पण ती माझ्यावर.

पोरगी बघायला म्युझियममध्ये कामून? तर पोरगी तिथंच कामाला, तिचे वडील पण तिथंच कामाला. अन् रविवारी तिथं गर्दी, म्हणून त्यांना सुट्टी न्हाई. आमच्या दादाला सुट्टी फक्त रविवारी. मंग मध्यस्थी करणाऱ्या चाचांनी तोडगा काढला, "भाभी, तुम्हीच या. तिकीट काढा, माग बघा, पोरगी बघा. एका तिकिटात दोन कामं." हे चाचा त्याच म्युझियममध्ये सूत रंगवतात. कोपरापर्यंत हात निळे. त्यांचा मुलगा दादासोबत एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये आहे, म्हणून ही ओळख.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. दादानं ती पोरगी आधीच बघितली होती. चाचांनीच फोडलं, "हा पोरगा कितीतरी रविवार तिकीट काढून येऊन राह्यला. मला वाटलं मागात इंटरेस्ट आहे. नंतर बघितलं तर मागाकडं पाठ करून बसतो!"

आता आमच्या दादाचा प्रॉब्लेम सांगतो. दादा बोलत न्हाई. मुका न्हाई, पण बोलत न्हाई. मिलमध्ये लालबुंद सळई रोलमधून सुटते तवा असा कानठळ्या बसणारा आवाज असतो की तिथं सगळे हातवाऱ्यानंच बोलतात. घरी आल्यावर पण ह्याला मीठ पाहिजे असलं तर चिमूट दाखवतो, पाणी पाहिजे असलं तर अंगठा. अन् कधी चुकून बोललाच, तर मिलमध्ये बोलल्यासारखा, तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा. म्हणून लाजून बोलतच न्हाई. आधीची दोन स्थळं ह्याच्याच पायी गेली. एका ठिकाणी तर मुलीच्या मामानं विचारलं, "मुलगा मुका आहे का?" मी म्हणलं, "न्हाई मामा, आवाज आहे, पण स्टॉकमध्ये ठेवलाय." स्थळ गेलं. आई म्हणती ते माझ्यामुळं गेलं.

माझा प्रॉब्लेम बराबर उलटा. मला आवाज ऐकला की तो तोंडातून बाहेर काढल्याशिवाय चैन पडत न्हाई. भोकरदनच्या शाळेत हेडसरांचा खोकला काढायचो, तर अख्खा वर्ग उभा राहायचा. स्टँडवर कंडक्टरची घंटी तोंडानं वाजवली, तर रिकामी बस दोन पावलं पुढं गेली. अन् घरी कुकरची तिसरी शिट्टी मीच मारतो. आई गॅस बंद करती, वरण कच्चं. त्यामुळं घरात मला कुणी नावानं हाक मारत न्हाई. बेनं, टारगट, कार्टं, हीच माझी नावं.

त्या दिवशी बसमध्ये बसल्यापासून आईनं एकच पाठ लावला होता.

"त्या पोरीच्या बापानं चाचांना साफ सांगितलंय. पोरगा चांगला आहे, कामाचा आहे, पण माझी पोरगी मी मुक्याच्या घरात न्हाई देणार. आज त्याला बोलताना ऐकायचं, मंगच पुढचं. कळलं का? आज दादाला बोलू दे. तू तोंड उघडायचं न्हाई."

"अन् कुणी विचारलं तर?"

"मान हलवायची. अरं, ती घरात आली तर तुला भाऊजी म्हणल. जरा भाऊजीसारखा वाग की."

भाऊजी! मला हे लईच आवडलं. आपल्याला पण कुणीतरी इज्जतीनं हाक मारणार. मी तिथंच ओठावर बोट ठेवलं ते जालना येईपर्यंत काढलं न्हाई. पप्पा आले नव्हते, शेतात पाण्याची पाळी होती. तसंही आमच्या घरात शेवटचा शब्द आईचाच असतो, अन् मधले पण.

दादा स्टँडवर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, अन् चेहरा असा की जणू ह्यालाच भट्टीत घालायला नेऊन राह्यलेत. मी त्याला विचारलं, "तयारी झाली का?" त्यानं अंगठा दाखवला. त्याला पाणी पाहिजे होतं.

म्युझियम म्हणजे जुन्या जालन्यातली एक लांबडी पत्र्याची शेड. पहिले तिथं खच्चून माग चालायचे. मंग एकेक करून बंद पडले, माणसं मिलला गेली, बियाण्याच्या कंपन्यांत गेली. पोरीचे वडील पण कितीतरी वर्षं बियाण्याच्या गोडाऊनला वॉचमन होते. मंग कुणीतरी शेड साफसूफ करून म्युझियम काढलं अन् त्यांना माग चालवायला परत बोलावलं. काचेच्या पेट्या वगैरे काही न्हाई. माणसंच ठेवलीत, जिती-जागती. कुणी सूत रंगवतं, कुणी कांड्या भरतं, कुणी विणतं.

पण तिथल्या म्याडमचा एक नियम होता. शेडमध्ये पाय टाकला की काळ जुना. म्हणजे आत निजामाचं राज्य चालू. मोबाईल न्हाई, प्लास्टिकची खुर्ची न्हाई, अन् आतल्या माणसांनी पाहुण्यांशी बोलायचं ते पण त्या काळातल्यासारखं. पाच वाजले की राज्य खालसा. म्याडम काठापदराची साडी नेसून शेडभर फिरायच्या अन् कुणी आजच्या काळातलं बोललं की नुसतं बघायच्या. त्या दिवशी वरून एका शाळेची सहल आल्ती, म्हणजे म्याडम जास्तच कडक.

आम्ही आत गेलो. पोरीचे वडील धोतर, बंडी, डोक्याला मुंडासं, असे मागावर बसलेले. मागाच्या खाली खड्डा, खड्ड्यात पाय. उजव्या हातानं दोरीला झटका दिला की लाकडी धोटा धाग्यांमधून इकडून तिकडं पळायचा. डाव्या हातानं फणी ओढून धागा ठोकायचे. शेजारी खाली बसून पोरगी चरख्यासारखा रहाट फिरवत कांड्या भरत होती. कांडी म्हणजे बोटाएवढी बारीक नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं अन् ती धोट्याच्या पोटात बसवायची. तिनं नऊवारी लुगडं नेसलं होतं. दादा तिच्याकडं बघायचं सोडून पत्र्याकडं बघायला लागला.

आम्हाला घोंगडीवर बसवलं. पोहे आले, पण पत्रावळीवर, कारण निजामाच्या काळात स्टीलची प्लेट चालत न्हाई. पोहे चालतात का ह्याच्यावर म्हणे सकाळी म्याडमची अन् चाचांची चर्चा झाली होती.

आईनं सुरुवात केली, "भाऊ, मुलगी किती शिकली?"

वडिलांनी म्याडमकडं बघितलं. हात चालूच. म्हणले, "आमच्यात पोरींना शाळेत घालत न्हाईत, ताई."

आईचा घास हातातच राह्यला. चाचा मागून कुजबुजले, "भाभी, म्याडम खडी है. गेटच्या बाहेर बीएस्सी आहे. केमिस्ट्री."

"मंग घर? घर कसं आहे?"

"मातीचं, धाब्याचं. कंदील आहे."

"बाहेर दोन खोल्या, स्लॅब. इन्व्हर्टर पण आहे," चाचा.

आई एक कान वडिलांकडं अन् एक कान चाचांकडं देऊन बसली. मला पोटातून हसू फुटून राह्यलं होतं. पण ओठावर बोट. भाऊजी व्हायचं होतं ना.

मंग वडिलांनी दादाकडं मान वळवली. "पाव्हणे, तुम्ही काय काम करता?"

दादानं तोंड उघडलं. मला ओठांवर दिसलं, तो 'एमआयडीसी' म्हणणार होता. तेवढ्यात म्याडम सहलीची पोरं घेऊन मागं उभ्या राहिल्या. निजामाच्या राज्यात कसली एमआयडीसी! दादानं तोंड परत मिटलं.

"लोहार आहे," चाचा घाईनं बोलले. "मोठी भट्टी आहे, लोखंडाची."

"चाचा, त्यांना बोलू द्या ना," वडील शांतपणे म्हणले. "मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

दादानं हातानं सळई दाखवली. लांब, जाड, अशी. वडिलांनी मान हलवली, पण ती हो वाली मान नव्हती. ते परत मागाकडं वळले. खट-खटाक, खट-खटाक. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. ती तसं करायला लागली की समजायचं, गाडी रुळावरून उतरून राह्यली.

पोरीनं खालच्या मानेनं रहाट फिरवणं चालू ठेवलं. पण तिनं एकदा, फक्त एकदाच, दादाकडं बघितलं. बोल की बाबा, असं.

दादानं परत पत्र्याकडं बघितलं.

आता मी काय करणार? तोंड शिवलेलं. पोहे संपलेले. बसल्या बसल्या मी मागाचा आवाज ऐकायला लागलो. अन् लईच भारी आवाज होता तो. सुरुवातीला वाटतं एकसारखा आहे, पण न्हाई. धोटा भरलेला असतो तवा तो घट्ट वाजतो, खट-खटाक. कांडीवरचं सूत संपत आलं की हलका होतो, पोकळ, खट-टक्. तसा आवाज आला की वडिलांचा हात आपोआप थांबायचा. बघायचे पण न्हाईत. धोटा उचलायचे, रिकामी कांडी काढून पोरीकडं टाकायचे, भरलेली बसवायचे, चालू. डोळे कापडावर, सगळा कारभार कानावर.

आईनं बोलू नको म्हणल्तं. आवाज काढू नको, असं कुठं म्हणल्तं?

मी तोंड मिटूनच, जीभ टाळूला लावून, हळूच काढला. खट-टक्.

वडिलांचा हात थांबला. धोटा उचलला. आत कांडी गच्च भरलेली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, परत बसवली, परत चालू.

मला तर गुदगुल्याच झाल्या. हेडसर फसले होते, कंडक्टर फसला होता, पण एवढा पक्का कान पहिल्यांदाच सापडला होता. थोड्या वेळानं परत काढला. परत थांबले. ह्या वेळी पोरीकडं बघितलं. तिनं भुवया वर केल्या, मला काय माहीत, अशा. चाचांनी रंगाची कढई सोडून इकडं मान काढली.

तिसऱ्यांदा मात्र वडिलांनी धोटाच बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"काय गं हे? ढिली भरून राह्यली का कांडी? सूत सुटल्यासारखं वाजतंय. आज पाव्हणे बघून हात कापतोय काय तुझा?"

"न्हाई, बाबा. नेहमीसारखीच भरली."

"नेहमीसारखी भरली असती तर वाजली असती का अशी? एवढ्या वर्षांत माझा कान खोटं बोलला न्हाई."

सहलीची पोरं फिदीफिदी हसली. एक जण म्हणला, "ताईंना येतच न्हाई." तिचा चेहरा लाल. रहाटावरचा हात थांबला. लग्नाचं बोलणं चालू असताना सासरच्या माणसांसमोर पोरीच्या हाताला नाव ठेवलं म्हणजे काय, हे मला पण कळत होतं. आता सांगावं, मी काढला आवाज, म्हणून तोंड उघडलं. पण नको तवा हजार आवाज निघतात, अन् पाहिजे तवा स्वतःचाच निघंना.

अन् तेवढ्यात शेड हादरली.

"कांडी भरलेली आहे! तिचं काही चुकलं न्हाई!"

छताखालच्या लोखंडी कैचीवरची कबुतरं फडफड करून खिडकीतून बाहेर. सहलीतलं एक बारकं पोरगं म्याडमच्या साडीमागं. दादा उभा होता. मिलमधला आवाज, अख्खाच्या अख्खा.

"हे आमचं बेनं आवाज काढून राह्यलंय! तोंडानं! धोटा डावीकडं होता तवा टक् उजवीकडून आलं, जिथं हे बसलंय तिथून! मी ऐकलं!"

कुणी हललं न्हाई. म्याडम पण न्हाई.

वडिलांनी मुंडासं जरा मागं सारलं. "तुम्हाला मागातलं कळतं?"

"मागातलं न्हाई कळत!" आता दादाला थांबताच येईना. नळाची तोटी निघाल्यासारखं. "मशीनचा आवाज कळतो! रोलला सळई घासली तर एमआयडीसीत आमच्या लाईनला सगळ्यात पहिले मला ऐकू येतं! अन् ह्या कांड्या कशा भरतात ते मी लई वेळा बघितलंय! एकसारख्या भरतात! घट्ट! एक पण ढिली न्हाई बघितली!"

"कधी बघितलं?" वडिलांनी विचारलं.

दादानं मान खाली घातली. मंग एकदम बारीक आवाजात, जो आम्ही घरी पण कधी ऐकला नव्हता, म्हणला, "रविवारी."

चाचांनी निळे हात तोंडावर दाबले, तरी हसू बाहेर आलंच. दाढी निळी झाली. पोरगी रहाटाच्या चाकामागं तोंड लपवून बसली होती, पण तिचे खांदे हलून राह्यले होते. अन् आई? आईनं एका डोळ्यानं दादाकडं कौतुकानं बघितलं अन् दुसऱ्या डोळ्यानं मला भाजून काढलं.

वडिलांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं आता धोटाच डोक्यात.

"काढ परत."

मी काढला. खट-टक्. माहीत असून पण त्यांचा हात दोरीवर थांबला. ते स्वतःच्या हाताकडं बघतच राहिले.

"बघा चाचा," ते म्हणले, "ह्या शेडमध्ये सगळे माग चालायचे ना, तवा शेजारच्याची कांडी संपली तरी माझा हात थांबायचा. शिव्या खायचो त्याच्यापायी. आता शेजारीच कुणी न्हाई." मंग मला म्हणले, "भरलेल्याचा येतो का?"

"येतो की."

"मंग काढ. बस त्या रिकाम्या मागाजवळ. जोरात काढ."

मी शेजारच्या बंद मागाच्या कडेला बसलो अन् सुरू झालो. खट-खटाक, खट-खटाक. त्यांनी पाय खड्ड्यात सोडले, दोरीला झटका दिला. पहिले माझा ठोका पुढं पळायचा, मंग त्यांनी पायानं खुणावलं, दमानं. जमलं. एक माग लाकडाचा, एक माग तोंडाचा. चाचा कढई ढवळायचं विसरले. तिनं रहाट परत फिरवायला घेतला, आमच्याच ठेक्यात. म्याडम सहलीला सांगायला लागल्या, "बघा मुलांनो, पूर्वी असे शेजारी शेजारी माग चालायचे." नियमात बसलं म्हणायचं. माझे गाल दुखले, तोंडाला फेस आला, पण मी थांबलो न्हाई. त्यांचा चेहरा असा झाला होता की थांबायची हिंमतच झाली न्हाई.

पाच वाजले. घंटा झाली. राज्य खालसा.

गेटच्या बाहेर वडील पँट-शर्टात आले तर ओळखूच आले न्हाईत. आईनं हात जोडले, "भाऊ, ह्याला माफ करा. घरी पण असंच करतो, कुकरची शिट्टी मारतो अन् आम्हाला कच्चं वरण खायला घालतो. पण थोरला तसा न्हाई हो. मंग काय ठरवलं तुम्ही?"

वडिलांनी दादाकडं बघितलं. दादा परत पत्र्याकडं बघत होता. ते हसले.

"मला त्यांना बोलताना ऐकायचं होतं. ऐकलं. अख्ख्या जालन्यानं ऐकलं. अन् कुणासाठी बोलले ते पण बघितलं. माझं काही म्हणणं न्हाई. आता तिला विचारा."

ती स्कुटीची किल्ली हातात घेऊन उभी होती. लुगडं जाऊन पंजाबी ड्रेस आला होता. आई म्हणली, "सांग बाई, तुझं काय?"

तिनं आईकडं बघितलं न्हाई, दादाकडं बघितलं न्हाई. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"तुम्हाला लाज वाटती का? सकाळपासून बसून बोटं सोलून घेते मी त्या कांड्यांवर. तीन तीन वेळा बाबांनी माझ्याकडं बघितलं. ती शाळेची पोरं दात काढून हसली मला. मला येत न्हाई म्हणे! अन् तुम्ही तिथं गायीसारखं तोंड करून बसलेले! वरून ह्यांचं बोलणं. माणूस एकदाच तोंड उघडतो, ते पण असं! कबुतरं गेली ती अजून आली न्हाईत. उद्या म्याडम मलाच विचारतील. हसू नका! मी हसायचं बोलून राह्यली का? एक लक्षात ठेवा. माझ्या स्वयंपाकघरात कुकरची एक जरी शिट्टी तोंडानं मारली ना, तर ते कच्चं वरण सगळंच्या सगळं तुमच्या ताटात वाढीन, अन् संपल्याशिवाय उठू देणार न्हाई. कळलं का, भाऊजी?"